एक किलोमीटर पोहतो, पण वेग जागचा हलत नाही

काठावरचा
राम राम मंडळी. वय ४३. पोहायला शिकलो अडतिसाव्या वर्षी, मुलीला क्लासला सोडायला जाता जाता. आजघडीला न थांबता १००० मीटर फ्रीस्टाइल पोहतो, ३१ मिनिटांत. गेलं वर्षभर हा आकडा ३१च आहे. आठवड्यातून चार दिवस पाण्यात उतरतो, ४० चकरा मारतो (पूल २५ मीटरचा), बाहेर येतो. एखाद्या दिवशी जीव खाऊन पोहलो तर ३० मिनिटं ४० सेकंद, आणि मग दिवसभर अंगात त्राण नाही.

शेजारच्या लेनमध्ये सत्तरीचे एक आजोबा असतात. मी तीन चकरा करेपर्यंत त्यांच्या चार होतात आणि वर काठावर येऊन गप्पा मारायला दम शिल्लक असतो. धावताना मला हे दुखणं नाही, १० किलोमीटर ५५ मिनिटांत आरामात होतात. मग पाण्यातच काय होतं?

ध्येय: १५०० मीटर, ४० मिनिटांच्या आत. होईल का? कसं?

कासवगती
सेम पिंच. माझे १००० ला ३६. सतरंजी टाकून बसतोय.

पाणमांजर
होईल. पण आधी माहिती द्या, नाहीतर इथे प्रत्येक जण आपापलं औषध देईल.

एका चकरेत हात किती पडतात? डावा-उजवा दोन्ही मोजा. आधी काय हार मानतं, श्वास, हात की पाय? किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) धरून नुसते पाय मारत २५ मीटर जायला किती वेळ लागतो? आणि एक दिवस नेहमीच्या ४० चकरा सोडून एवढंच करा: नीट अंग मोकळं करून ४०० मीटर जमेल तितक्या वेगात, मग दहा मिनिटं आरामात इकडेतिकडे, मग २०० मीटर पुन्हा जमेल तितक्या वेगात. दोन्ही वेळा लिहा.

काठावरचा
पाणमांजरताई, केलं.

हात: २७. हार मानतो तो श्वास, तोही दुसऱ्याच चकरेत. पाचव्या-सहाव्या चकरेनंतर सवय होते म्हणा किंवा मन मरतं म्हणा.
४०० मीटर: ११ मिनिटं ५२ सेकंद. २०० मीटर: ५ मिनिटं ४० सेकंद.

किकबोर्डचं सांगायला लाज वाटते. दोन मिनिटं पाय मारले, डावीकडची फरशी बघत होतो, ती तीच फरशी होती. मग लक्षात आलं की मी किंचित मागे चाललोय. जीवरक्षक हसत होता.

पाणमांजर
लाज कसली, धावणाऱ्यांचं हे ठरलेलं आहे. घोटे ताठ. पाय मारताना तुमची पावलं मागे ताणली जात नाहीत, खाली आकड्यासारखी वळलेली राहतात आणि नांगर टाकल्यासारखं पाणी अडवतात. सविस्तर रात्री लिहिते.

घनमूळ
तोवर थोडं गणित.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती साधारण घनाच्या पटीत. म्हणजे आहे त्याच शैलीत १० टक्के वेग वाढवायचा, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे ३३ टक्के जास्त शक्ती हवी. तुमच्या त्या "जीव खाऊन" दिवशी जेमतेम २० सेकंद वाचले ते यामुळेच. धावताना आणखी जोर लावला की बऱ्यापैकी फळ मिळतं, पाण्यात तो जोर अडथळाच खातो. तुम्ही इंजिन मोठं करताय, पण गाडी हँडब्रेक ओढून चाललीय.

अगडबंब
साधा उपाय सांगतो. श्वासाचा प्रश्न आहे ना? रोज एक चक्कर श्वास न घेता मारायची, मग दीड, मग दोन. आधी जोरजोरात दहा-बारा श्वास घ्यायचे. फुप्फुसं आपोआप मोठी होतात.

निळी_टोपी
अगडबंब, हे कृपया कोणी करू नका. गुदमरल्यासारखं वाटतं ते प्राणवायू संपला म्हणून नव्हे, कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. आधी जोरजोरात श्वास घेतले की तो कार्बन डायऑक्साइड निघून जातो, धोक्याची घंटा वाजतच नाही, आणि प्राणवायू संपल्यावर माणूस पाण्यात चक्क बेशुद्ध होतो. कसलीही पूर्वसूचना न मिळता. चांगले पोहणारे असे गेलेले आहेत, उथळ पाण्यात, भर गर्दीत.

अगडबंब
बाप रे. हे माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो.

पाणमांजर
निळ्या टोपीला शंभर टक्के अनुमोदन. आता काठावरचा, तुमच्याकडे येते.

आधी हिशोब. ४०० मधून २०० वजा केले, वेळेतून वेळ वजा केली: ७१२ सेकंद उणे ३४० सेकंद, ३७२ सेकंद. म्हणजे १०० मीटरला १८६ सेकंद, ३ मिनिटं ६ सेकंद. हा तुमचा उंबरठ्याचा वेग. याच्या वर गेलात की लवकरच दम संपतो, याच्या जरा खाली राहिलात तर बराच वेळ टिकतो. आणि बघा, तुमचे १००० मीटर ३१ मिनिटांत, म्हणजे तेही ३:०६ नेच! वर्षभर आठवड्यातून चार दिवस तुम्ही एकच परीक्षा देत होतात, अभ्यास एकदाही केला नाहीत.

आता श्वास. दुसऱ्याच चकरेत दम लागतो, कारण (पैज लावते) तोंड पाण्यात असताना तुम्ही श्वास धरून ठेवता आणि तोंड बाहेर आल्यावर सोडणं आणि घेणं दोन्ही उरकू पाहता. तेवढा वेळच नसतो. अर्धाच श्वास सुटतो, वर अर्धाच भरला जातो. तोंड पाण्यात गेलं रे गेलं की सोडायला लागा. नाकातून "हूंऽऽ" असं गुणगुणत सोडा, आवाज स्वतःला ऐकू आला पाहिजे आणि बुडबुडे गालावरून जाताना जाणवले पाहिजेत. बाहेर आल्यावर फक्त घ्यायचा.

दुसरं, डोकं. तुम्ही पुढे बघत पोहता ना? फुप्फुसांत हवा, म्हणून छाती तरंगते. पाय जड, म्हणून बुडतात. माणूस पाण्यात तराजूसारखा असतो. डोकं एक वीत उचललं की पाय हातभर खाली जातात आणि मग तुम्ही आडवे न पोहता तिरके पोहता. नजर सरळ तळाच्या काळ्या पट्ट्यावर, मानेची मागची बाजू लांब. श्वास घेताना डोकं वर नाही, बाजूला, एक गॉगल पाण्यातच राहील इतकंच. कानशील पाण्याच्या उशीवर टेकवल्यासारखं.

तिसरं पाय. लांब पल्ल्याला पाय वेगासाठी मारायचे नसतात, अंग आडवं ठेवायला आणि वळवायला मारायचे. मांडीचे स्नायू सगळ्यात मोठे, प्राणवायू सगळ्यात जास्त तेच पितात. दोन हातांमागे दोन लाथा पुरतात. रोज घरी पाच मिनिटं वज्रासनात बसा, घोटे सैल होतील. गुडघा कुरकुरला तर नको.

तीन आठवडे फक्त एवढंच. ४० चकरा सलग बंद. २५ मीटर जायचं, थांबायचं, श्वास जाग्यावर येऊ द्यायचा, पुन्हा जायचं. हाताचं नंतर.

कासवगती
वाखु (वाचनखूण) साठवली. पण ताई, थांबलं तर दम कसा वाढणार?

पाणमांजर
बिघडलेल्या हातांनी सलग पोहून बिघाडच पक्का होतो. दमाला धावणं आहे की त्यांचं.

उलटा_पोहणारा
ब्रेस्टस्ट्रोकने लांब पल्ला मारला तर? मला तो कधीच थकवत नाही.

घनमूळ
पल्ला जरूर होतो. १८७५ मध्ये कॅप्टन मॅथ्यू वेबने इंग्लिश खाडी ब्रेस्टस्ट्रोकनेच पार केली, पण लागले २१ तास ४५ मिनिटं. १९२६ मध्ये गर्ट्रूड एडर्लीने तीच खाडी क्रॉलने, म्हणजे आपल्या फ्रीस्टाइलनेच, साडेचौदा तासांच्या आसपास ओलांडली, तोवर खाडी पार केलेल्या सगळ्या पुरुषांपेक्षा लवकर. धागा वेगाचा आहे म्हणून फ्रीस्टाइल.

काठावरचा
तीन आठवडे झाले, हजेरी लावतो.

श्वास: पैज जिंकलात. मी चक्क श्वास धरून पोहत होतो, पाच वर्षं. "हूंऽऽ" ने पहिल्या दिवशी नाकात पाणी, दुसऱ्या दिवशी खोकला. चौथ्या दिवशी अचानक आठ चकरा झाल्या आणि लक्षात आलं की मी मोजत नाहीये, घाबरतही नाहीये. डोकं खाली घातल्यावर पहिल्यांदा टाचा वाऱ्याला लागल्या. इतकी वर्षं पाय कुठे होते कोण जाणे.

पण एक गोंधळ. हात कमी करायचे म्हणून मी प्रत्येक हात पुढे ताणून जरा घसरत जायला लागलो. २७ चे २० हात झाले! घड्याळातला तो स्वॉल्फचा आकडाही सुधारला. पण वेळ वाढली. चक्कर ४६ सेकंदांत व्हायची, ती ४९ झाली. हे कसं?

घनमूळ
स्वॉल्फ म्हणजे हात अधिक सेकंद. आधी २७ + ४६ = ७३, आता २० + ४९ = ६९. आकडा सुधारला, माणूस हळू झाला. सेकंदांत हात मिळवायचे म्हणजे मीटरमध्ये किलो मिळवल्यासारखं, पण घड्याळवाल्यांना कोण सांगणार.

पाणमांजर
हात पुढे ताणून थांबलात की पाणी तुम्हाला थांबवतं, मग पुढच्या हाताने शून्यातून पुन्हा ढकला. सायकलचं पायडल अर्धं मारून थांबल्यासारखं. लांब हात हवा, थांबलेला नको. आता हाताकडे येऊ या.

पाण्यात शिरल्यावर पंजा खाली दाबू नका, त्याने छाती उचलली जाते आणि पाय बुडतात. बोटं तळाकडे झुकवा, कोपर वरच राहू द्या, आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा सगळा हात एक वल्हं धरा. ओट्यावर हात टेकवून अंग वर उचलताना कोपर कसं बाहेर आणि उंच असतं, तसं. मग त्या वल्ह्याने पाणी सरळ मागे, मांडीपर्यंत. खाली नाही, पोटाखाली वाकडंतिकडं नाही.

ही गोष्ट वाचून कळत नाही. मुठी आवळून दोन चकरा मारा. पहिली चक्कर हवेत हात मारल्यासारखी वाटेल. दुसऱ्या चकरेत मनगट ते कोपर पाणी पकडायला शिकतं, नाइलाजाने. मग मूठ उघडा. पंजा एकदम ताटाएवढा वाटेल.

आणि दुसरा एखादा माणूस काठावरून मोबाइलवर चित्रण करेल असं बघा. आपण पाण्यात काय करतो आणि आपल्याला काय वाटतं, यांचा एकमेकांशी संबंध नसतो.

आता आठवडा असा मांडा. चारऐवजी तीन दिवस चालतील. एक दिवस शैलीचा, जसा आत्ता चाललाय. एक दिवस लांब, १५०० ते १८०० मीटर, पण इतक्या आरामात की बाहेर येऊन गाणं म्हणता यावं. आणि एक दिवस घड्याळाचा: १०० मीटर दहा वेळा, मध्ये २० सेकंद विश्रांती. तुमचा उंबरठा ३:०६ होता, आता ३ मिनिटांनी सुरू करा. म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे दर ३ मिनिटं २० सेकंदांनी निघायचं. लवकर आलात तर जास्त विश्रांती, उशीर झाला तर कमी. अट एकच: दहावं शंभर पहिल्याइतक्याच वेळात आलं पाहिजे. पहिलं २:५० आणि दहावं ३:१५ आलं, तर तो दिवस वाया गेला, भले सरासरी छान दिसो. दहाही जमली की पुढच्या खेपेला वेळ पाच सेकंदांनी कमी.

निवांत_मासा
ताई, दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायलाच हवा का? आमचे सर दर तीन हातांनी घ्यायला लावतात, मला तर चक्कर येते.

पाणमांजर
सरावात दोन्ही बाजू यायला हव्यात, नाहीतर एकच खांदा वळतो आणि पोहणं लंगडं होतं. पण जोरात जाताना दर दोन हातांनी, एकाच बाजूने घेतला तरी चालतं, भलेभले तसंच करतात. मी जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे घेते. दोन्ही वेळा खिडकीचीच बाजू दिसते, कंटाळा येत नाही. (यावर इथे पूर्वी युद्ध झालेलं आहे, पुन्हा नको.)

काठावरचा
सहावा आठवडा. वाईट बातमी आधी. हाताचं वाचून उत्साहात पंजांना बांधायची मोठी पॅडल्स आणली, दोन आठवडे प्रत्येक दिवशी लावून पोहलो. आता उजवा खांदा समोरून दुखतोय. हात डोक्यावर नेताना मध्येच एका जागी टोचतं. कोणाचा दोष नाही, माझीच हौस.

निळी_टोपी
मी फिजिओथेरपिस्ट आहे, पण न बघता निदान करत नाही. तरी पॅडल्स आजच बॅगेतून काढा. पंजाचं क्षेत्रफळ वाढलं की तो भार थेट खांद्यावर येतो, आणि चाळिशीतल्या खांद्याला दोन आठवड्यांत एवढं नवं ओझं झेपत नाही. दम महिन्यात वाढतो, कंडरा सावकाश तयार होतात.

पाण्यात हात शिरताना अंगठा आधी जातो का तेही बघा. तसं होत असेल तर खांदा दरवेळी आत पिळला जातो. बोटांची टोकं आधी, तळवा खाली. आणि हात डोक्याच्या पुढे मध्यरेषा ओलांडून पलीकडे जात असेल तर तेच. दोन रूळ कल्पना करा, डावा हात डाव्या रुळावर, उजवा उजव्या.

आठवडाभर दुखेल ते टाळा. पाय मारा, अंग आडवं ठेवायचा सराव करा. दुखणं ओसरल्यावर रबर बँड घेऊन कोपर बरगडीला चिकटवून पंजा बाहेर न्यायचा, सावकाश, हलक्या बँडने. रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल किंवा दोन आठवड्यांत फरक नसेल, तर प्रत्यक्ष दाखवा.

काठावरचा
अंगठाच आधी जात होता. भाच्याने काढलेल्या चित्रणात स्पष्ट दिसतंय. मध्यरेषाही ओलांडतो, उजवा हात डाव्या लेनच्या दोरीला नमस्कार करतो. नुसतं बघवत नाही.

अगडबंब
माझंही चित्रण करून घेतलं. वाटत होतं डॉल्फिन, दिसतोय शिडी चढणारा माणूस.

कासवगती
घड्याळ पाण्यात नाडी कमी दाखवतं का? धावताना १६० असते, पोहताना १४५ च्या वर जात नाही. मी आळशी आहे का?

निळी_टोपी
नाही. आडव्या अंगामुळे आणि पाणी अंग थंड ठेवत असल्यामुळे नाडी पाण्यात साधारण दहाएक ठोके कमीच राहते. शिवाय मनगटावरचं घड्याळ पाण्यात चुकतंही. धावण्याचे आकडे इथे लावू नका, भिंतीवरचा काटा बघा.

निवांत_मासा
तलावात किंवा समुद्रात हेच चालतं?

पाणमांजर
वेगळा धागा काढा, तो विषय मोठा आहे. थोडक्यात: भिंत नाही, म्हणजे विश्रांतीही नाही आणि पायाने रेटा घेणंही नाही. सहा-आठ हातांनी डोळे मगरीसारखे पाण्याबाहेर काढून दिशा बघावी लागते. एकट्याने कधीही नाही, कमरेला भडक रंगाचा फुगा बांधल्याशिवाय नाही.

काठावरचा
आठवा आठवडा. खांदा नव्वद टक्के बरा. पुन्हा ४०० आणि २०० केले.

४०० मीटर: १० मिनिटं ३६ सेकंद. २०० मीटर: ५ मिनिटं ४ सेकंद. ताईंच्या पद्धतीने ६३६ उणे ३०४, ३३२. म्हणजे उंबरठा २:४६! चक्कर आता २३ हातांत ४१ सेकंदांची होते. पायाचं म्हणाल तर किकबोर्डवर २५ मीटर एक मिनिट दहा सेकंदांत, आणि पुढच्या दिशेने.

घनमूळ
"आणि पुढच्या दिशेने" याला दाद.

पाणमांजर
खूप छान. घड्याळाच्या दिवशी आता १०० ऐवजी २०० मीटर सहा वेळा, मध्ये ३० सेकंद. बाकी तसंच. शेवटच्या आठवड्यात अंतर निम्मं करा, मग १५०० द्या. आणि पहिले ३०० मीटर मुद्दाम हळू. पहिल्या ३०० ला सगळ्यांनाच आपण मासे वाटतो.

काठावरचा
बारावा आठवडा. आज सकाळी दिले १५०० मीटर. मुलगी काठावर बसून चकरा मोजत होती, दर ३०० ला वेळ लिहीत होती.

८:०६, ८:१५, ८:२२, ८:२४, ८:१३. एकूण ४१ मिनिटं २० सेकंद.

४० फुटले नाहीत. पण तीन महिन्यांपूर्वी ३:०६ ने १००० झाले होते, आज २:४५ ने १५००, आणि संध्याकाळी मी जिना चढून आलोय, लिफ्टने नाही.

कासवगती
अभिनंदन!! मी ३३ वर आलो, १००० ला. फक्त श्वास सोडून.

घनमूळ
तुलनेसाठी एक विश्वविक्रमी वेळ: बॉबी फिंक, पॅरिस ऑलिंपिक २०२४, १५०० मीटर १४ मिनिटं ३०.६७ सेकंद. दर १०० ला ५८ सेकंद, सलग पंधरा वेळा. ते ५० मीटरच्या पुलात. तुमचं एक शंभर होईपर्यंत त्याची जवळजवळ तीन होतील.

काठावरचा
धन्यवाद, जमिनीवर आणल्याबद्दल.

पाणमांजर
पहिले ३०० बघा, ८:०६. मी काय सांगितलं होतं? ८:२० ने सुरुवात केली असती तर मधलं ८:२४ आलं नसतं. पुढच्या खेपेला.

आणि ८० सेकंद कुठे शोधायचे तेही सांगते. तुम्ही भिंतीला हात लावून, डोकं बाहेर काढून, एक श्वास घेऊन, मग वळता ना? १५०० मीटरमध्ये तशी ५९ वळणं आहेत.

घनमूळ
८० भागिले ५९. प्रत्येक वळणात १.३६ सेकंद. अरे वा.

पाणमांजर
सगळे मिळणार नाहीत, पण एकेक सेकंद सहज. भिंतीशी पाण्यातच कोलांटी मारून वळणं जमेपर्यंत निदान भिंत सोडताना हात कानांमागे जोडून, अंग बाणासारखं करून निघा आणि पहिला श्वास दोन हात मारल्याशिवाय घेऊ नका. कोलांटी आधी भिंतीपासून दूर शिका, पुलाच्या मधोमध. हनुवटी छातीला, नाकातून हवा सोडत.

काठावरचा
आज नऊ कोलांट्या मारल्या. चारदा नाकात पाणी, तीनदा पाय भिंतीपर्यंत पोचलेच नाहीत, एकदा वर आलो तर आजोबांच्या लेनमध्ये होतो. नववी बरी झाली. आजोबा म्हणाले, हनुवटी अजून आत घ्या.